२१ सेंटिमीटरची हॉर्न दुर्बीण: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बांधणी, जोडणी आणि मुख्य म्हणजे कॅलिब्रेशन

हार्वर्डमधला पीएचडीचा विद्यार्थी हॅरल्ड युअन आणि त्याचे मार्गदर्शक एडवर्ड पर्सेल यांनी २५ मार्च १९५१ रोजी आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्‌झची रेषा (म्हणजे याच वारंवारतेवर येणारा त्याचा रेडिओ संकेत) पहिल्यांदा पकडली. अँटेना म्हणजे प्लायवूडवर तांब्याचा पत्रा मढवून खिडकीबाहेर काढलेला एक मोठा भोंगा. पाऊस आला की तो पन्हळीसारखं काम करायचा आणि पाणी थेट प्रयोगशाळेत सोडायचा. तोच प्रयोग आज कॉलेजच्या गच्चीवर, एका सत्रात, दोघा-तिघांच्या गटाला जमतो.

फक्त वेळेचा अंदाज आधी नीट बांधा. सगळं जुळून आलं की रेषा पहिल्या संध्याकाळीच दिसते. तीच रेषा मांडायला, म्हणजे तिची तीव्रता केल्व्हिनमध्ये आणि वेग किलोमीटर प्रति सेकंदात, तेही त्रुटींच्या अंदाजासकट, दोन-तीन महिने लागतात. तोंडी परीक्षेत प्रश्न विचारले जातात ते याच भागावर. त्यामुळे पत्राकामात सत्र घालवू नका. बांधणी तीन आठवड्यांत संपली पाहिजे.

भोंग्याची मापं

रेषेची वारंवारता १४२०.४०६ मेगाहर्ट्‌झ, तरंगलांबी २१.१ सेंमी. मागचा चौकोनी डबा, म्हणजे वेव्हगाइड, १६.५ सेंमी रुंद आणि ८.२५ सेंमी उंच ठेवा. हे डब्ल्यूआर-६५० हे प्रमाणित माप आहे. त्यातून ९०८ मेगाहर्ट्‌झच्या खालचं काही जात नाही, आणि १४२० ला एकच मोड (लाटेची आत पसरायची रचना) चालतो.

इथे हमखास सुचणारी युक्ती म्हणजे तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा. त्याची बाजू साधारण २३ सेंमी असते. इतक्या मोठ्या चौकोनात १४२० मेगाहर्ट्‌झला एकाहून जास्त मोड चालतात, बीमचा (भोंगा आकाशाचा जेवढा भाग बघतो त्याचा) आकार बिघडतो आणि प्रोब (आतली लाट पकडणारी काडी) कितीही कापला तरी जुळवणी मनासारखी होत नाही. रेषा दिसते, पण बीम नेमका कुठे बघतोय हे सांगता येत नाही. गोल डबाच वापरायचा असेल तर व्यास १२.४ ते १६.२ सेंमीच्या दरम्यान हवा; १५ सेंमीचा मिळाला तर उत्तम.

वेव्हगाइडसाठी २४ गेजचा जीआय पत्रा पुरतो. तो वाकवायला एसीच्या डक्ट बनवणाऱ्या कारागिराकडे जा. त्याच्याकडे पत्रा काटकोनात मोडायचं यंत्र असतं आणि मिलिमीटरचा हिशेब त्याला समजतो. लोखंडी पत्रा चालेल का, अशी शंका मार्गदर्शक काढतीलच. १४२० मेगाहर्ट्‌झला विद्युतप्रवाह जस्ताच्या वरच्या जेमतेम ३ मायक्रॉनमधून वाहतो. खालच्या लोखंडापर्यंत तो पोहोचतच नाही. ॲल्युमिनियममध्ये ही खोली २ मायक्रॉनच्या आसपास आहे, म्हणून स्वयंपाकघरातली फॉइलही भोंग्याला चालते.

डब्याची लांबी २२ सेंमी. मागचं तोंड पत्र्याने पूर्ण बंद. त्या बंद भिंतीपासून ६.९ सेंमीवर, रुंद बाजूच्या बरोबर मध्यरेषेवर, प्रोबसाठी भोक पाडायचं. ६.९ हा आकडा वेव्हगाइडच्या *आतल्या* तरंगलांबीचा चौथा हिस्सा आहे. आत ती २७.४ सेंमी होते, बाहेरच्या हवेतल्यासारखी २१.१ राहत नाही. इथे २१.१ ला चाराने भागून ५.३ सेंमीवर भोक पाडणं ही नेहमीची चूक, आणि ती पत्रा बदलल्याशिवाय सुधारत नाही.

प्रोब म्हणजे एन-टाइप चेसिस कनेक्टरच्या मधल्या पिनेला डाग देऊन बसवलेली, अडीच-तीन मिलिमीटर जाडीची पितळी काडी. ब्रेझिंगच्या दुकानात मिळते. ती ५.३ सेंमी ठेवून सुरुवात करा. नंतर कापून कमी करायचीच आहे.

पुढच्या भोंग्याचं तोंड ७५ × ६० सेंमी, आणि डब्यापासून तोंडापर्यंतचं सरळ अंतर ६५ सेंमी. त्यासाठी चार समलंब तुकडे लागतात. वर-खाली लागणारे दोन: छोटी बाजू १६.५, मोठी ७५, उंची ७० सेंमी. डाव्या-उजव्या बाजूचे दोन: छोटी ८.२५, मोठी ६०, उंची ७१.३ सेंमी. चारही तुकड्यांची तिरकी कड ७५.८ सेंमी यायला हवी. कापल्यावर आधी ती मोजा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जोडताना फट पडणारच.

साहित्य म्हणून दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात ती ३ मिमीची एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) शीट सगळ्यात सोयीची. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये चारही तुकडे निघून निम्म्याहून जास्त उरते. सांध्यांवर आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, किमान ५ सेंमी रुंद. एसीपीवर रंगाचा थर असतो, त्यामुळे पट्टी आणि पत्रा यांत थेट विद्युतसंपर्क होत नाही. पट्टी रुंद असली की या वारंवारतेला ती जोडणी कपॅसिटरसारखी काम करते आणि चालून जातं. भोंगा आणि डबा जिथे जुळतात तो सांधा मात्र असा सोडू नका. तिथे रंग खरवडून, पट्टी लावून, वर स्क्रू मारा.

अशा भोंग्याचा गेन (एकाच दिशेला बघण्याची क्षमता) १८ डीबीच्या आसपास येतो आणि बीम साधारण २० अंशांचा. हे २० अंश लक्षात ठेवा, शेवटी ते त्रास देणार आहेत.

प्रोब जुळवणं

यासाठी व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर (व्हीएनए) लागतो; कुठल्या वारंवारतेला किती शक्ती परत येते ते तो दाखवतो. स्वस्त नॅनोव्हीएनएपैकी सुरुवातीची मॉडेलं १४२० ला हार्मोनिकवर चालतात आणि मोजमाप डळमळतं. ३ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाणारं व्ही-२ मागून आणा. ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला करा, यंत्राच्या तोंडाशी नको. भोंगा आकाशाकडे करा. खोलीत छताकडे तोंड करून मोजलं तर छतावरून परतणारी लाटही त्यात मिसळते.

परावर्तनाच्या आलेखातली दरी १४२० च्या खाली दिसत असेल तर प्रोब लांब आहे. कानसने अर्धा-एक मिलिमीटर कमी करा, पुन्हा मोजा. १४२० ला परावर्तन उणे १५ डीबी किंवा त्याखाली आलं की थांबा, म्हणजे फक्त ३ टक्के शक्ती परत जाते. उणे ३० च्या मागे लागून काही मिळत नाही. प्रोब जास्त कापला गेलाच तर नवी काडी लावा. टोकाला डागाचा गोळा चढवून लांबी वाढवायचा प्रयत्न करू नका.

एलएनए आणि डोंगल

लो-नॉइज ॲम्प्लिफायर (एलएनए) प्रोबच्या कनेक्टरलाच, मध्ये केबल न घालता बसवा. कारण साध्या हिशेबात आहे. ॲम्प्लिफायरच्या *आधी* ०.१ डीबी जरी गळती झाली तरी सिस्टिमच्या तापमानात (सगळ्या नॉइजची केल्व्हिनमध्ये मांडलेली बेरीज) सुमारे ७ केल्व्हिनची भर पडते. आरजी-५८ ची एक मीटर केबल मध्ये घातली की ५० केल्व्हिन वाढलेच समजा. ०.८ डीबीचा एलएनए स्वतःच ५९ केल्व्हिनचा असतो, म्हणजे एका फालतू केबलने जवळपास दुसरा एलएनए जोडल्याइतकं नुकसान होतं.

१४२० साठी फिल्टरसकट तयार मिळणारी मॉड्यूलं आहेत. त्यांचा गेन ४० डीबीच्या आसपास असतो. फिल्टर हवाच. १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे आणि त्यात प्रक्षेपणाला बंदी आहे, पण शेजारच्या ९०० आणि १८०० मेगाहर्ट्‌झच्या मोबाइल टॉवरमुळे ॲम्प्लिफायर आधीच दमतो. राखीव पट्ट्यात जे काही त्रासदायक दिसतं ते बहुतेक वेळा तुमच्याच टेबलावरचं असतं: लॅपटॉपचा चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, यूएसबी ३ ची केबल. एकेक बंद करत जा आणि स्पेक्ट्रममधला नको असलेला काटा कधी नाहीसा होतो ते पाहा.

एलएनएनंतर कितीही (म्हणजे १० मीटरपर्यंत) केबल चालेल. शेवटी आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. त्याचं घड्याळ किती पक्कं आहे ते विकत घेताना पाहा: १ पीपीएमचा (दहा लाखांत एक) टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाची भरपाई करणारं घड्याळ असेल तर चूक १.४ किलोहर्ट्‌झ, म्हणजे वेगात ०.३ किमी प्रति सेकंद. ५० पीपीएमच्या स्वस्त डोंगलमध्ये हीच चूक १५ किमी प्रति सेकंद होते, आणि आकाशगंगेचा अख्खा आलेख एका बाजूला सरकतो. एलएनएला वीज डोंगलच्या बायस-टीमधून (अँटेनाच्या केबलमधूनच वीज पाठवायची सोय) देणार असाल तर ती सॉफ्टवेअरमधून चालू करावी लागते. ‘सगळं बरोबर जोडलंय तरी काहीच दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

नोंदणीची मांडणी

सॅम्पलिंग दर २.४ मेगाहर्ट्‌झ, एफएफटी ५१२ चॅनेलचा. म्हणजे एक चॅनेल ४.६९ किलोहर्ट्‌झ. या रेषेसाठी १ किमी प्रति सेकंद म्हणजे ४.७४ किलोहर्ट्‌झ, त्यामुळे एक चॅनेल म्हणजे जवळजवळ बरोबर १ किमी प्रति सेकंद पडतो. हिशेब डोक्यात करता येतो.

पट्ट्याच्या दोन्ही कडांचे दहा-दहा टक्के टाकून द्या. मध्यभागी डोंगलचा स्वतःचा एक काटा येऊ शकतो. मध्य बरोबर १४२०.४ वर ठेवलात तर तो शून्य वेगावर, म्हणजे रेषेच्या ऐन जागी येतो. उपाय: दर ३० सेकंदांनी मध्य १४२०.२ आणि १४२०.६ असा आलटून-पालटून ठेवा. प्रत्येकातले मधले तीन-चार चॅनेल काढून तिथली माहिती दुसऱ्यातून भरा. दोन्हींत समान असलेला भाग अधिक-उणे १६० किमी प्रति सेकंद झाकतो. आकाशगंगेच्या पहिल्या चतुर्थांशाला (केंद्रापासून ९० अंशांपर्यंतचा भाग) तेवढं पुरतं. वारंवारता अशी बदलत राहायची कल्पना युअनच्या रिसीव्हरमध्येही होती.

ऑटोमॅटिक गेन बंद. गेन हाताने ठरवा, आणि तो ठरवताना भोंगा जमिनीकडे करा, आकाशाकडे नको. जमीन आकाशापेक्षा दुपटी-तिपटीने जास्त शक्ती देते, आणि ८ बिटांचा डोंगल तिथेच छाटायला लागतो, म्हणजे मर्यादेबाहेरचा संकेत कापतो. नमुन्यांचा हिस्टोग्राम काढा; टोकाच्या खान्यांत गर्दी दिसली तर गेन एक पायरी खाली.

कच्चे नमुने साठवू नका. सेकंदाला ४.८ मेगाबाइट, तासाला १७ गिगाबाइट होतात आणि तिसऱ्या दिवशी डिस्क भरते. दर १० सेकंदांचा सरासरी स्पेक्ट्रम ठेवा, सोबत वेळ, उन्नती (क्षितिजापासून किती अंश वर), गेन आणि मध्य-वारंवारता. वेळ यूटीसीमध्ये. नोंद भारतीय वेळेत आणि हिशेब यूटीसीत झाला तर साडेपाच तासांचा, म्हणजे ८२ अंशांचा घोळ होतो. आलेख तरीही दिसायला छान येतो, हीच पंचाईत.

कॅलिब्रेशन

नॉइज ही तुमची अडचण नाही. सिस्टिमचं तापमान १५० केल्व्हिन धरा, चॅनेल ५ किलोहर्ट्‌झ, वेळ एक मिनिट: १५० भागिले ३,००,००० चं वर्गमूळ, म्हणजे ०.२७ केल्व्हिन. आकाशगंगेच्या पट्ट्यावर रेषा तीस-चाळीस केल्व्हिनच्या घरात असते. म्हणून तासन्‌तास एकाच जागी सरासरी काढत बसण्यात अर्थ नाही. याउलट गेन एक टक्का सरकला तरी १.५ केल्व्हिनचा फरक पडतो, म्हणजे नॉइजच्या पाचपटींहून जास्त. उन्हात तापलेला एलएनए अर्ध्या तासात एवढा सहज सरकतो. त्याला थर्माकोलच्या डब्यात ठेवा, वरून पांढरा रंग, आणि वीज दिल्यावर पहिली ३० मिनिटं नोंद घेऊ नका.

दर १५-२० मिनिटांनी दोन मोजमापं: गरम आणि थंड. गरम म्हणजे भोंग्याचं तोंड जमिनीकडे, ३०० केल्व्हिनच्या आसपास. थंड म्हणजे आकाशगंगेपासून दूरचं, डोक्यावरचं आकाश. त्यात वैश्विक पार्श्वभूमी २.७, वातावरण, भोंग्याच्या मागून-बाजूने येणारी जमीन असं मिळून १० केल्व्हिन धरता येतात. दोन्ही शक्तींचं गुणोत्तर वाय. मग रिसीव्हरचं तापमान = (गरम − वाय × थंड) ÷ (वाय − १). वाय २.८ आला तर (३०० − २८) ÷ १.८, म्हणजे १५१ केल्व्हिन. वाय १.५ च्या खाली असेल तर कुठेतरी मोठी गळती आहे किंवा डोंगल छाटतोय. पुढे जाऊ नका.

यातला बारकावा प्रबंधात जरूर लिहा. रिसीव्हरचं तापमान ‘थंड’च्या अंदाजावर हलतं: थंडमध्ये ५ केल्व्हिनची चूक झाली तर इथे ८ ची होते. पण रेषेच्या उंचीचं माप ठरतं ते गरम वजा थंड या फरकावर, आणि तिथे चुकीचा मोठा वाटा ‘गरम’चा असतो. जमीन म्हणजे काही आदर्श काळी वस्तू नव्हे. कोरडी, खडबडीत, गवताळ जमीन बरी. ओली जमीन परावर्तन करते आणि आकाशाचा काही भाग भोंग्यात परत पाठवते. ३०० धरलेलं प्रत्यक्षात २८० निघालं तर सगळी तापमानं ७ टक्के फुगतात. गच्चीचा स्लॅब तर टाळाच, आत सळ्यांची जाळी असते. भिंतीचंही तेच.

रेषेचा आकार काढण्यासाठी प्रत्येक चॅनेलमध्ये आकाशाचा स्पेक्ट्रम ‘गरम’च्या स्पेक्ट्रमने भागा. गरममध्ये रेषा नसते, त्यामुळे डोंगल आणि फिल्टरचा उंचसखलपणा तिथे स्वच्छ मिळतो. ‘थंड’ने भागण्याचा मोह आवरा. हायड्रोजन आकाशात सगळीकडे आहे, थंड भागातही. त्याने भागलं की तुमच्या रेषेतून एक छोटी रेषा वजा होते आणि शून्य वेगाजवळ खळगा पडतो. तो खळगा ‘शोषण रेषा’ म्हणून प्रबंधात गेलेला बरा दिसत नाही.

दिसतंय ते खरंच आकाशातलं आहे का, हे तपासायचे दोन सोपे मार्ग. तोंडावर पत्रा आडवा धरा, रेषा गेली पाहिजे. आणि भोंगा तसाच स्थिर ठेवून दोन-तीन तास थांबा: आकाश तासाला १५ अंश सरकतं, रेषेची उंची आणि आकार बदलला पाहिजे. जे जागचं हलत नाही ते जमिनीवरचं.

कुठे आणि कधी बघायचं

भोंगा दक्षिणोत्तर रेषेत बसवा, फक्त उन्नती बदला, बाकी काम पृथ्वीच्या फिरण्यावर सोडा. फोनचं होकायंत्र जीआय पत्र्याजवळ वेडंवाकडं दाखवतं. दुपारी सर्वांत आखूड सावलीची रेषा आखून दिशा घ्या. उन्नती २५ अंशांच्या खाली नेली की जमीन बीममध्ये शिरते.

पुण्याच्या अक्षांशावरून (१८.५ उत्तर) आकाशगंगेचं केंद्र दक्षिणेला ४२ अंशांपर्यंत वर येतं. गॅलॅक्टिक रेखांश (आकाशगंगेच्या पट्ट्यावर केंद्रापासून मोजलेले अंश) ० ते ९० हा पहिला चतुर्थांश इथून पूर्ण मिळतो. तो भाग मध्यरात्री डोक्यावर असतो जुलैत, ऐन पावसाळ्यात. २१ सेंटिमीटरला ढगांची पर्वा नाही, पण भोंग्यात साचलेलं पाणी आणि भिजलेली जमीन यांची आहे. डिसेंबरात सूर्यच त्या भागात असतो, आणि या भोंग्याला तो एकटा ४० केल्व्हिन किंवा जास्त देतो. मार्च ते मे, पहाटे, हा उत्तम काळ. वार्षिक परीक्षेच्या वेळापत्रकाशी तो जुळत नाही, त्याला इलाज नाही. सूर्याचा एक उपयोग मात्र करून घ्या. दुपारी त्याला बीममधून सरकू द्या आणि शक्तीचा आलेख काढा. त्या आलेखाची निम्म्या उंचीवरची रुंदी म्हणजे तुमचा *मोजलेला* बीम. पुस्तकी सूत्रातल्या बीमपेक्षा परीक्षक याला जास्त मान देतात.

वेग आणि परिभ्रमण आलेख

वारंवारतेवरून आलेला वेग तुमच्या गच्चीच्या सापेक्ष असतो. त्यातून पृथ्वीची सूर्याभोवतीची गती (३० किमी प्रति सेकंदापर्यंत), पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं (पुण्यात जास्तीत जास्त ०.४४) आणि सूर्याची शेजारच्या ताऱ्यांमधली २० किमी प्रति सेकंदाची गती काढावी लागते. ॲस्ट्रोपाय या पायथन लायब्ररीतली radial_velocity_correction ही तयार दुरुस्ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यापर्यंतच नेते. शेवटचे २० किमी प्रति सेकंद वेगळे जोडायचे असतात, आणि विसरले जातात ते नेमके हेच. चिन्ह तपासायला एकच दिशा दोन महिन्यांच्या अंतराने बघा: दुरुस्तीनंतर दोन्ही आलेख एकमेकांवर बसले पाहिजेत.

मग परिभ्रमण आलेख, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरानुसार वायूचा फिरण्याचा वेग. त्यासाठी प्रत्येक रेखांशाला सर्वांत मोठा धन वेग शोधा. केंद्रापासूनचं अंतर = ८.५ किलोपार्सेक × साइन रेखांश, आणि परिभ्रमण वेग = तो सर्वांत मोठा वेग + २२० × साइन रेखांश. ८.५ आणि २२० ही १९८५ ची प्रमाणित मूल्यं आहेत. नवी मोजमापं अंतर ८.२ च्या आसपास देतात. कुठलीही घ्या, पण जोडी एकच ठेवा आणि कुठली घेतली ते लिहा. २० अंशांच्या आत आकाशगंगेच्या मधल्या दांड्यामुळे वायूची गती वर्तुळाकार राहत नाही, तो भाग सोडा.

आता ते बीमचे २० अंश. रेखांश ४० कडे रोखलेला भोंगा ३० लाही बघत असतो. वेग सगळीकडे २२० धरला तर ४० ला सर्वांत मोठा वेग ७९ यायला हवा आणि ३० ला ११०. बीमच्या कडेतून आलेला तो ११० चा वायू तुमच्या आलेखात ७९ च्या पुढे शेपटी काढतो, आणि शेपटीचं टोक वाचलं की परिभ्रमण वेग वीस-तीस किमी प्रति सेकंदांनी फुगतो. म्हणून टोक डोळ्यांनी वाचू नका. उलट दिशेने जा: एक परिभ्रमण आलेख गृहीत धरा, त्यावरून प्रत्येक दिशेचा स्पेक्ट्रम तयार करा, सूर्यावरून मोजलेल्या बीमने तो पसरवा आणि मोजलेल्या स्पेक्ट्रमशी जुळवा. पायथनमध्ये शे-दीडशे ओळींचं काम आहे. पडताळणीसाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचआय-फोर-पाय सर्वेक्षणाचा खुला डेटा घ्या. त्याचा बीम पाव अंशाहून थोडाच मोठा आहे. तो तुमच्या २० अंशांइतका पसरवून मगच तुलना करा. तापमानांत १० टक्क्यांच्या आत जुळलं तर जमिनीचा ‘गरम’ ठीक होता. सगळीकडे एकाच प्रमाणात जास्त आलं तर ३०० च्या आकड्याकडे परत जा, आणि फक्त काही दिशांना जास्त आलं तर त्या दिवसांच्या नोंदवहीत पाऊस, ऊन आणि वेळेचा रकाना बघा.